सहा वाजून दहा मिनिटांनी फोन कुठे वाजतो

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत फोन एकच होता, कोपऱ्यावरच्या काकूंकडे, आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर तोच नंबर छापलेला असायचा, पुढे बारीक अक्षरात पीपी. म्हणजे फोन आमचा नाही, पण लावा, आम्हाला बोलावतील. माझ्या वडिलांचे दोन माग होते, त्यांची खटखट सकाळी सातला सुरू झाली की घरात एकमेकांशी ओरडूनच बोलायला लागायचं, त्यात काकूंची हाक ऐकू येणं अशक्य, मग त्या रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून स्वतः येऊन दारात उभ्या राहायच्या आणि हाताने कानाजवळ खूण करायच्या. वडील नसले तर परत जाऊन त्या पलीकडच्या माणसाला नुसतं "नाहीत" म्हणायच्या नाहीत. "ते शहापुरात सूत आणायला गेलेत, सातनंतर करा, आणि फारच अर्जंट असलं तर मला सांगा, मी निरोप देते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला पाठ आहे, आणि आता गेलं वर्षभर ऑफिसच्या फोनची सेटिंग्ज करताना ते रोज आठवतं, कारण कॉल फॉरवर्डिंग आणि स्टेटस या दोन्ही गोष्टी काकूंच्या त्या एका वाक्यात पूर्ण होत्या.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत काम करते. २००२ मध्ये लागले ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून. चार लाइन बाहेरच्या, चोवीस एक्स्टेन्शन, भिंतीवर ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसच्या आतल्या छोट्या एक्स्चेंजचा, करड्या रंगाचा डबा, आणि टेबलावर माझा बटणांचा मोठा फोन. बेळगावात फोन उचलणाऱ्याला पहिल्या दोन सेकंदात एक निर्णय घ्यावा लागतो जो पुण्यातल्या ऑपरेटरला कधी घ्यावा लागत नसेल, पलीकडचा माणूस "हॅलो" कसं म्हणतो त्यावरून आपण कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरवायचं. हुबळीचा माणूस "यार्री?" म्हणून सुरू करतो, कोल्हापूरचा "कोण बोलतंय ओ?", कोइमतूरचा सरळ इंग्लिश. आणि भाषा कळली की तो फोन कुणाकडे द्यायचा हेही त्यावरून ठरायचं, कारण आमच्या परचेसमधले साहेब तेव्हा कन्नडात अडखळायचे आणि डिस्पॅचमधले बैलहोंगलचे होते त्यांना मराठी कळायचं पण हिशोबाचं बोलणं आलं की ते घाबरायचे. तर हुबळीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन खरेदीचा असला तरी मी आधी डिस्पॅचला द्यायचे, ते ऐकून घेऊन परचेसला सांगायचे. हे कुठल्याही डब्यात प्रोग्राम केलेलं नव्हतं.

कोण जागेवर आहे, कोण चहाला गेलंय, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून आज त्याला कस्टमरचे फोन द्यायचे नाहीत, मोठे साहेब जागेवर असूनही कुणासाठी "जागेवर नाहीत", हे सगळं मला माहिती असायचं. त्याला तेव्हा कुणी स्टेटस म्हणत नव्हतं.

ऑपरेटर लोकांविषयी एक गोष्ट आहे जी मला फार वर्षांनी कळली आणि खरं सांगायचं तर लागली. ऑटोमॅटिक टेलिफोन एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर नावाच्या माणसाला मिळालं, तो धंद्याने अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था बघणारा. असं सांगतात की त्याच्याकडे येणारे फोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर बाई त्याच्या स्पर्धकाकडे जोडते असा त्याला संशय होता, आणि म्हणून मधलं माणूसच काढून टाकणारं यंत्र त्याने बनवलं. घरात मयत झालंय आणि माणूस मदतीसाठी फोन करतोय, तो भलतीकडे लागतोय. त्या बाईने खरंच तसं केलं असेल तर तिची बाजू मी घेणार नाही. फोन जोडणाऱ्याच्या हातात किती काय असतं हे मला त्या गोष्टीतून कळलं, आणि यंत्र आलं तरी ते तसंच राहतं, फक्त जोडणारं माणूस दिसेनासं होतं. आता सेटिंग करणारी मी आहे.

आणि हे सगळं आमच्यापासून फार लांबचंही नाही. हुबळीला जाताना बस कित्तूरवरून जाते, लोक राणी चन्नम्माचा किल्ला म्हणून खिडकीतून बघतात, मी पण बघते, पण मला तिथे अजून एक गोष्ट आठवते, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेचं खेड्यासाठी बनवलेलं १२८ पोर्टचं ऑटोमॅटिक एक्स्चेंज पहिल्यांदा १९८६ मध्ये याच कित्तूरला बसवलं. आपल्याच जिल्ह्यात! एसी नको, उन्हाळ्यात धुळीत चालेल असं ते मुद्दाम बनवलं होतं. त्याच्या आधी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून तासनतास बसायचं. त्यातही पीपी कॉल असायचा, माणसाचं नाव सांगून बुक करायचा, ते माणूस फोनवर आलं तरच बोलणं सुरू.

तर आता नवीन फोन. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ईपीएबीएक्सचा डबा उतरवला, मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला तो अजून आहे. नवीन फोन नेटवर्कच्या केबलवर चालतात, बसवायला आलेला मुलगा एका दिवसात सगळं जोडून संध्याकाळच्या गाडीने गेला, जाताना म्हणाला मॅडम सगळं पोर्टलमध्ये आहे. होतं खरं. पण ते समजून घ्यायला मला दोन महिने लागले आणि मधे एक गोष्ट घडली ती सांगायचीच आहे, त्याआधी हे फॉरवर्डिंग काय असतं ते सांगते कारण बऱ्याच ऑफिसात ते कुणीच नीट बघत नाही.

फॉरवर्ड म्हणजे एकच बटण असं सगळ्यांना वाटतं, ते चार प्रकारचं असतं. एक सरसकट, तुमचा फोन वाजतच नाही, सगळं दुसरीकडे. दुसरं तुम्ही बोलत असाल तेव्हाच. तिसरं तुम्ही उचलला नाही तर, आणि यात किती सेकंद थांबायचं ते आपण ठरवायचं. चौथं फोनच बंद किंवा नेटवर्कबाहेर असेल तेव्हा. मोबाईलवरही हेच चार आहेत. घाईत असलेलं माणूस पहिलं लावतं, कारण ते यादीत सगळ्यात वर असतं. माझं मत विचाराल तर रोजच्या कामात तिसरं आणि चौथं लावा आणि पहिल्याला शक्यतो हात लावू नका. सेकंदांचं म्हणाल तर पंधरा सेकंद म्हणजे साधारण पाच वेळा ट्रिंग-ट्रिंग. आमचे स्टोअरवाले मामा गुडघ्याने अधू आहेत, रॅकपासून टेबलापर्यंत यायला त्यांना पाच रिंगमध्ये जमत नाही, फोन हातात घेईपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असायचा आणि ते बिचारे "हॅलो हॅलो" करत उभे. त्यांचं मी पंचवीस केलं. अजून एक, अकाउंट्सवालीने जेवायला जाताना आपला फोन परचेसला वळवला आणि परचेसवाल्याने त्याच वेळी आपला अकाउंट्सला, म्हणजे फोन करणारा दोघांच्या मधे गोल फिरून शेवटी एंगेज ऐकतोय आणि इथे दोघंही डबा खातायत. आता जेवणाच्या वेळचे सगळे फोन माझ्याकडे येतात, मी दीडनंतर जेवते.

फॉरवर्ड झालेल्या कॉलला स्क्रीनवर कुणाचा नंबर दिसतो तेही बघून घ्यावं. काही ठिकाणी ज्याने केला त्याचा दिसतो, काही ठिकाणी आपल्याच ऑफिसचा, आणि मग मिस्ड कॉल बघून उलट फोन केला की आपलाच फोन वाजतो.

आता स्टेटस, म्हणजे आपण मोकळे आहोत की नाही ते सांगणारा नावापुढचा ठिपका. हिरवा, लाल, पिवळा. आमच्याकडे यावर खरं भांडण झालं. भट्टीवरचे सुपरवायझर, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, त्यांना मी सांगितलं की ओतकामाच्या वेळी फोन लाल ठेवा, डू नॉट डिस्टर्ब. ते तयार होईनात. "ताई, लाल दिसला की वर साहेबांस्नी वाटतंय मी फोन टाळूलोय. ऱ्हाऊ दे की हिरवाच." त्यांचं म्हणणं मला कळत होतं, वीस वर्षांची नोकरी आणि एक लाल ठिपका बघून कुणीतरी वरून आपल्याविषयी काही ठरवणार. पण मी भट्टी बघितलेली आहे. चौदाशे डिग्रीच्या आसपासचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यात असतो, आणि एसजी आयर्न या जातीच्या बिडाचं काम असलं तर त्यात मॅग्नेशियम घातल्यापासून घड्याळ सुरू होतं, दहा-बारा मिनिटांत सगळे साचे भरून व्हायला हवेत नाहीतर त्याचा गुण उतरत जातो आणि कास्टिंग नापास. त्या दहा मिनिटांत त्या माणसाने खिशातल्या फोनकडे बघणंसुद्धा चूक आहे, रस पायावर सांडला तर काय होतं ते आमच्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. मी साहेबांकडे गेले आणि हे असंच्या असं सांगितलं. ते म्हणाले, "लाल असू दे, मला चालतंय. फक्त किती वाजता मोकळे होणार ते कळू दे." मग आम्ही लालसोबत एक ओळ लिहायला लागलो, "ओतकाम चालू, चार वाजता मोकळे, घाईचं असेल तर लॅबला बोला", आणि बिझी असताना त्यांचा फोन लॅबमध्ये वाजतो. ती ओळ लिहून झाल्यावर मला लक्षात आलं, हे काकूंचंच वाक्य आहे.

आता ती गोष्ट. जुलैमधला शनिवार होता, ऑफिस अर्धा दिवस. मावशीकडे कणकुंबीला बारसं होतं म्हणून मी अकरालाच निघाले, आणि निघताना सगळे फोन सरसकट माझ्या मोबाईलवर वळवले, मनात हेच की कुणाचा फोन चुकायला नको. ज्यांनी तो रस्ता बघितलाय त्यांना माहिती आहे, जांबोटी सोडलं की जंगल दाट होतं, पाऊस तर असा की वायपर फास्ट करूनही समोरचं दिसत नाही, आणि मोबाईलच्या रेंजच्या काड्या एकेक करून जातात. मला वाटलं येईल मधे मधे. नाही आली. मी बारशात होते, पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या, आणि त्या पाच तासांत ऑफिसच्या नंबरावर आलेला प्रत्येक फोन माझ्या मोबाईलकडे येऊन पडत होता आणि मोबाईल कुठेच नव्हता. सरसकट फॉरवर्ड असल्याने गेटवरच्या केबिनमधला फोन वाजला नाही, स्टोअरचा वाजला नाही. माणसं होती तिथे. दोघंजण होते.

त्या दिवशी आमची गाडी माल घेऊन पुण्याकडे गेली होती, ती तवंदी घाटात ब्रेकच्या बिघाडाने बंद पडली. ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये पाणी गेलेलं, त्याने टपरीवरच्या माणसाचा फोन मागून मालाच्या चलनावर छापलेला ऑफिसचा नंबर लावला. चार वेळा. दुसरीकडे येळ्ळूरात त्याची बायको, तिला नवऱ्याचा फोन लागेना म्हणून ती त्याच्या ओळखपत्रावर बघून तोच नंबर लावत होती. म्हणजे ती त्याला विचारत होती आणि तो सांगायला बघत होता, दोघंही एकाच नंबरावर, आणि तो नंबर मी घेऊन जंगलात गेलेले. शेवटी निपाणीच्या एका गाडीवाल्याने त्याची गाडी ओढून नेली, रात्री दोनला तो घरी आला. त्याला काही झालं नाही. सोमवारी ती त्याच्यासोबत गेटवर आली होती, रागावलेली नव्हती, उलट तिलाच संकोच वाटत होता. "किती डाव लावले ओ ताई. एक बाई कन्नडात कायतर सांगायची आनी कट व्हायचा. मला वाटलं ऑफिसातनंच मला काय सांगेनात झालेत, म्हंजे कायतर वाईट झालंय." नेटवर्कचा तो संदेश, तुम्ही लावलेला नंबर आत्ता पोचत नाही एवढंच सांगणारा, येळ्ळूरच्या बाईला कन्नडात ऐकून काय वाटलं असेल त्या पावसात, पाच तास. मला तिच्याकडे बघवेना.

याहून जास्त मला टोचलं ते वेगळंच. जागेवर बसून कॉम्प्युटर उघडला तर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका, अव्हेलेबल. शुक्रवारी मीच तो हाताने लावला होता, कारण काही मिनिटं माउस हलला नाही की आपोआप पिवळं व्हायचं आणि मी तर फाइल शोधत असायचे, मला ते खोटं वाटायचं म्हणून मी हिरवा पक्का करून ठेवला. पुण्याच्या डीलरकडच्या मुलीने शनिवारी तो हिरवा बघून तीन वेळा मेसेज केला होता, गाडी कुठे आहे. तिने नक्की मनात म्हटलं असेल, समोर बसून उत्तर देत नाही. बावीस वर्षं मी लोकांना सांगितलं की अमुक साहेब जागेवर आहेत किंवा नाहीत, कधीकधी सांगितल्याप्रमाणे खोटंही सांगितलं असेल, पण माझ्याविषयी असं खोटं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी सगळं परत केलं. सरसकट फॉरवर्ड पोर्टलमधून कुणालाच लावता येणार नाही असं बंद केलं, लावायचं तर मला विचारायचं. ऑफिसचा मुख्य नंबर आधी माझ्या टेबलावर, पंधरा सेकंदांनी स्टोअर, मग गेटवरची केबिन, आणि मोबाईल सगळ्यात शेवटी. मेनू ठेवला नाही, कन्नडसाठी एक दाबा मराठीसाठी दोन दाबा असलं काही नाही, कारण आमच्याकडे फोन करणारी म्हातारी माणसं त्या रेकॉर्डिंगशीच बोलायला लागतात आणि बोलून झालं की ठेवतात. वीज गेली की हे नवीन फोन मरतात हेही त्याच वेळी नीट केलं. जुना बीएसएनएलचा फोन तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजच्या बॅटरीतून चालायचा, हेस्कॉमची लाइट गेली तरी त्याला पत्ता नसायचा, याला मात्र केबलमधून करंट लागतो. फोनच्या केबल जिथे येतात त्या नेटवर्क स्विचला यूपीएस जोडला, आणि त्याच्यापलीकडे वीज गेलीच तर कॉल आपोआप मोबाईलकडे जातील असं चौथ्या प्रकारचं फॉरवर्ड. ते बाहेर सर्व्हरवर असतं, आपला फोन मेला तरी चालतं.

एक गोष्ट मोबाईलबद्दल सांगते, विषय निघालाच आहे तर. कुरिअरवाला बोलतोय असं सांगून कुणी *४०१# आणि पुढे एक नंबर डायल करायला लावला तर करू नका, त्याने तुमचे येणारे सगळे फोन त्या माणसाकडे वळायचे, ओटीपी फोनवरून सांगणारे कॉलसुद्धा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही यूएसएसडीवरची, म्हणजे असे कोड डायल करून चालणारी, फॉरवर्डिंगची सोय बंद करायला लावली ती यासाठीच. आपला फोन कुठे वळलाय का हे *#२१# ने दिसतं आणि ##००२# ने सगळं फॉरवर्ड रद्द होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आमच्या कॅन्टीनच्या मावशींचा फोन मी स्वतः तपासून दिला.

गेटवरचा वॉचमन गोकाककडचा आहे. संध्याकाळचे फोन त्याच्याकडे द्यायचे म्हटल्यावर ऑफिसात एकदोघं म्हणाले त्याला मराठी कुठे येतं, पुण्याकोल्हापूरची माणसं काय बोलणार त्याच्याशी. मी त्यालाच विचारलं. "मराठी तिळितैत्री अक्का," म्हणाला, कळतं मला, आणि मग मराठीत, "बोलायला जरा वेळ लागतंय." त्याला मी एक लांबट वही दिली. वेळ, नाव, नंबर, काय म्हणाले. तो कन्नडात लिहितो आणि मी सकाळी वाचते, आमच्या पिढीच्या बेळगावच्या पोरींना बोर्डावरची कन्नड वाचता वाचता अक्षरं आलीच. पहिल्या आठवड्यातली एक नोंद होती, रात्री नऊ वीस, येळ्ळूर, ड्रायव्हरच्या घरून, "गाडी साताऱ्याला पोचली असं मी सांगितलं". मी त्याला विचारलं तुला कसं माहिती, तर म्हणाला ड्रायव्हरचा फोन आठ वाजता आला होता ना अक्का, वरच्याच ओळीत बघा. खरंच वरच्याच ओळीत होतं.

आता रोज संध्याकाळी मी माझं स्टेटस स्वतः बदलते, "ऑफिस सुटलं, गेटवर फोन लागेल, सकाळी नऊला मी आहे". मग पर्स उचलून बाहेर येते, आणि अंगणात साच्यांच्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून स्वतःच्या मोबाईलवरून आपल्याच ऑफिसचा नंबर लावते. आधी आत माझ्या अंधाऱ्या टेबलावर वाजतो, काचेतून स्क्रीन उजळलेली दिसते. मग स्टोअरमध्ये. मग थोडा वेळ कुठेच काही ऐकू येत नाही, तेवढ्यात मला दरवेळी धाकधूक होते, आणि मग पलीकडे केबिनमध्ये वाजायला लागतो. वॉचमन मला खिडकीतून बघत असतो, त्याला पक्कं माहिती असतं मीच आहे, तरी तो वही पुढे ओढतो, पेन काढतो आणि फोन उचलून म्हणतो, "हां, नमस्कार री, बोला."